धरलेला पाय

आमच्या गॅरेजात गाडीखाली मी जायची आणि आमचे हे बाहेर उकिडवे बसून माझा पाय धरायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की बघतच राहायचं. इथं मेकॅनिक कोण, बाई का बाप्या? आणि हा बाप्या बाईचा घोटा धरून काय बसलाय? मी खालूनच आवाज द्यायची, की पायाकडं काय बघता, जरा तिकडं सरका, उजेड येऊ द्या. हे एका हातानं मला पाना द्यायचे. दुसरा हात काही माझ्या घोट्यावरून सुटायचा नाही.

हे असं का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचा सगळा येडपटपणा वाटायचा.

भूकंप झाला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी नांदेडची, लातूरला दिलेली. त्या पहाटे आमच्या खोलीची भिंत उभी चिरली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर पळालो. उजाडल्यावर किल्लारीकडची बातमी आली. गॅरेजात दुरुस्तीला आलेली एक जीप उभी होती, ती घेऊन हे आणि शेजारचे वेल्डिंगवाले चाचा तिकडं गेले. जाताना म्हणाले, संध्याकाळपर्यंत येतो. आले ते कैक दिवसांनी. मी तोवर शेजारणींबरोबर उघड्या मैदानात पथारी टाकून रस्त्याकडं डोळे लावून बसलेली. आले तेव्हा आधी ओळखलंच नाही, केसांपासून चपलांपर्यंत नुसती माती.

हे तेव्हा काडीसारखे बारीक होते. ढिगाऱ्यात जिथं फट दिसेल तिथं बारीक माणूस डोक्याकडून आत सरकायचा आणि बाहेरचा कुणीतरी त्याचे पाय धरून बसायचा. वरून माती सुटली की पाय धरणाऱ्यानं विचार न करता ओढायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, आपसूकच तसं झालं होतं. एका फटीत ह्यांच्या हाताला एका लेकराचा हात लागला. लेकरानं ह्यांचं बोट घट्ट धरलं. तेवढ्यात जमीन पुन्हा हलली आणि मागच्यानं ह्यांना खसकन बाहेर ओढलं. हे ओरडत होते, ओढू नका, ओढू नका. बोट सुटलं आणि ढिगारा बसला तो बसलाच. वळून बघितलं तर मागं धुळीनं पांढरी झालेली सगळी तोंडं सारखीच. पाय कुणी धरले होते, ते कळलंच नाही.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. सांगून झाल्यावर पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा करून झोपले.

पुढं गॅरेज परत उघडलं, गाड्या यायला लागल्या, आणि ह्यांना गाडीखाली जाता येईना. पोतं अंथरायचे, आडवे व्हायचे, डोकं आत गेलं की घामानं भिजून बाहेर यायचे. मला आधी वाटलं कामचुकारपणा करतायत. मी बोलले पण तसं, माझ्या तोंडाला काय, कुलूप थोडंच आहे. मग एका दिवशी ते पोत्यावर बसून स्वतःच्याच बोटाकडं बघताना दिसले, आणि मी तसं बोलणं सोडलं. हाताखालची पोरं टिकेनात. शेवटी मीच पदर खोचला, साडीवर त्यांचा जुना शर्ट चढवला आणि शिरले जीपच्या पोटाखाली. पहिल्याच दिवशी काळं ऑइल थेट डोळ्यात. आणि तेवढ्यात घोट्याला हाताची पकड बसली. मी दचकून लाथ मारली, चारचौघात हे काय म्हणून. पण पकड सुटली नाही. तेव्हा मला कळलं ही कसली पकड आहे, आणि नंतर मी कधी लाथ मारली नाही.

असं कितीतरी वर्षं चाललं. हे बाहेरून सांगायचे ते ऐकून मी काम शिकले, साडी जाऊन सलवार-कुर्ता आला, पण गिअरबॉक्स उतरवायचं भारी काम मला झेपायचं नाही. ती कामं दुसरीकडं जायला लागली. तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. जिथं बघावं तिथं क्लास, वसतिगृह, खानावळ. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन डॉक्टर व्हायला इथं उतरत होती. एक दिवस जेवताना हे म्हणाले की गॅरेजची जागा क्लासवाल्याला भाड्यानं देऊन टाकू, आपण पोरांना डबे देऊ. उन्हाळ्याच्या आत काय ते ठरवू. मी भाकरी तव्यावरच ठेवली. मला डब्यांचा धंदा नको होता. मला माझा नवरा परत गाडीखाली पाहिजे होता, दुसरं काही नको होतं.

आणि तेवढ्यात आले ते फिजिक्सचे सर. सरांचा पहिला क्लास आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. सर फळ्यावर लिहायला लागले की चाचांनी हातोडा खाली ठेवायचा, असा आमचा करार. आता सरांची स्वतःची इमारत झाली होती, आणि त्यांनी एक सेकंडहँड जिप्सी घेऊन ती रॅलीत उतरवायचं ठरवलं होतं. दोन दिवसांची रॅली, नांदेडहून निघून लातूर, दुसऱ्या दिवशी किल्लारी-निलंग्याकडून फिरून परत लातूर. गाडीच्या दोन्ही दारांवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बारावी नापासांसाठी खास बॅच. बाजूला बसून रस्ता सांगणार होते केमिस्ट्रीचे सर.

सरांना सर्व्हिस क्रू पाहिजे होता. त्यांनी आम्हाला वर्गात शिकवावं तसं समजावलं. गाडी खडबडीत आडवाटांनी जाणार, आपण सामान घेऊन साध्या रस्त्यानं पुढं जाऊन थांबायचं, गाडी आली की ठरलेल्या वेळात दुरुस्त करून सोडायची. उशीर झाला तर गुण कापणार. "निगेटिव्ह मार्किंग समजा," सर म्हणाले, "लक्षात आलं?" पगार नाही, सगळे हौशी. टोपी, टी-शर्ट आणि जेवण. हे नाही म्हणायच्या आत मीच हो म्हणून टाकलं. रात्रंदिवस डब्यांचा विचार करण्यापेक्षा दोन दिवस गाड्यांच्या आवाजात राहतील, एवढाच माझा हिशोब. किल्लारीचं नाव मी ऐकलं होतं. ह्यांनीही ऐकलं होतं.

नांदेडला गोदावरीच्या अलीकडं एका मैदानात गाड्या उभ्या होत्या. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून आई डबा घेऊन आली. कुर्त्यावर पिवळाधम्मक टी-शर्ट, डोक्यावर टोपी, अशा अवतारात मला बघून तिनं आधी आजूबाजूला कोण ओळखीचं आहे का ते बघितलं, आणि मग डबा माझ्या हातात न देता जावयाच्या हातात दिला. पुण्या-मुंबईच्या क्रूकडं चाकं लावलेल्या पेट्या, चकचकीत हत्यारं. आमच्याकडं चाचांचा टेम्पो, एक ताडपत्री, दोन पोती, आणि गॅरेजातलंच सगळं सामान. मला काही लाज वाटली नाही. टेम्पोत मागं बसून आम्ही तिघांनी आईच्या दशम्या खाल्ल्या आणि निघालो.

पहिला थांबा अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या माळावर. बघ्यांची ही गर्दी. जिप्सी आली, केमिस्ट्रीचे सर दार उघडून आधी बाजूला जाऊन ओकले, आणि आम्ही कामाला लागलो. चाचांनी जॅक लावला, मी पोतं टाकून खाली शिरले, आणि ह्यांनी पाय धरला. झालं. पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळा माळ हसायला लागला. एकजण म्हणाला, बघा रे, हिथं नवरा बायकोचे पाय धरून माफी मागतोय. खालून मला सगळं ऐकू येत होतं. मी ह्यांना म्हणाले, आता सोडा, चाकाच्या नटा आवळा, वेळ चाललाय. पण ते एकाच हातानं जेवढं होईल तेवढं करत राहिले. गाडी उशिरा सुटली. सरांचे गुण कापले गेले. सर उलट ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत बसले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

लातूरला पोचेपर्यंत हे टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसले होते. म्हणाले, उद्या तुम्ही दोघं जा, माझ्यामुळं पोराचं नुकसान नको. सर काही पोर नव्हते, पण हे त्यांना पोरच म्हणायचे. मला लई राग आला. मी म्हणाले, तुम्ही आला नाहीत तर मीही येत न्हाई, आणि डब्यांचा धंदा करायचा तर तुम्हीच भाकऱ्या थापा. चाचा पुढून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर हे टेम्पोत पाने मांडून बसलेले, आंघोळ करून, भांग पाडून.

किल्लारीचा थांबा नव्या गावाच्या बाहेर, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या काळ्या रानात होता. नवं गाव रुंद रस्त्यांचं, सुटी सुटी बुटकी घरं, एकाही घराला माडी नाही. पलीकडं ज्वारी कमरेएवढी झालेली. गावातली माणसं येऊन उभी राहिली होती, पण अहमदपूरसारखा गलका नव्हता. हे टेम्पोतून उतरले आणि जमिनीकडंच बघत उभे राहिले. मी त्यांना ताडपत्रीचं एक टोक धरायला दिलं. काहीतरी हातात असलेलं बरं.

गाडी आली ती वाकडी. मागचं एक चाक पुढं सरकलेलं, गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली. सरांनी सांगितलं की ओढ्यात दगडावर आपटली. मी खाली बघितलं, कमानपाट्याला ॲक्सलशी बांधून ठेवणारे बोल्ट तुटले होते आणि सगळा ॲक्सल जागचा हलला होता. चाचांनी चॅसीखाली लोखंडी तिवया लावल्या, ॲक्सलखाली फळी टाकून जॅक लावला. मी आत गेले. ह्यांनी पाय धरला.

ॲक्सलला पहार लावून तो मागं रेटायचा, तो बरोबर जागेवर आला की नवे बोल्ट घालायचे. मी पहार लावली आणि सगळा जीव लावून रेटलं. ॲक्सल ढिम्म हलेना. पुन्हा रेटलं, हाताची साल निघाली. चाचांचे गुडघे गेलेले, त्यांना आडवं होता येत नव्हतं. सरांना हात लावू दिला असता तर आणखी एखादी गोष्ट मोडून ठेवली असती. बाहेरून रॅलीचा घड्याळवाला पोरगा किती वेळ उरला ते सांगत होता. मला खालून फक्त ह्यांचे गुडघे आणि ताडपत्रीची कड दिसत होती.

"अहो, आत या. माझ्यानं सरकंना."

घोट्यावरची पकड आणखी घट्ट झाली. मला रडूच फुटलं, रागानं का कशानं ते आजही सांगता यायचं नाही. मी पहार टाकून दिली आणि तशीच पडून राहिले.

तेवढ्यात लक्षात आलं की कुणी हसत नाहीये. एवढी गर्दी, आणि एक बाप्या बाईचा घोटा धरून बसलेला. मग ह्यांच्या गुडघ्याशेजारी एक हिरवं लुगडं येऊन टेकलं. माझ्या आईच्या वयाची कुणीतरी बाई. ती ह्यांच्याशी अगदी हळू, शेजारच्या घरातली असल्यासारखी बोलली.

"सोड बाबा. म्या धरते हिचा पाय. तू जा आत."

ह्यांचा हात सुटला. इतक्या वर्षांची सवय, क्षणभर माझा पाय उघडा पडल्यासारखा झाला. मग दुसरा हात बसला, खरखरीत, बांगड्यांचा. धरायचं कसं ते त्या हाताला माहीत होतं, नुसता घोटा नाही, टाचेच्या वरची शीर दाबून. त्या गावात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. चाचा म्हणाले, बेटा, तुझा मी धरतो.

आणि हे आत आले. डोकं आधी, डोळे गच्च मिटलेले, श्वास असा की धावत आल्यासारखा. माझ्या शेजारी खांद्याला खांदा लागला. मी त्यांना धीराचं काही बोलायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव. मी म्हणाले, डोळे उघडा, बोल्टाचं भोक तुमच्या बाजूला हाय, मला दिसंना. त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग वर. पहार घेतली. दोघांनी मिळून रेटलं आणि ॲक्सल कुरकुरत जागेवर येऊन बसला. मी बोल्ट घातले, त्यांनी नटा चढवल्या. त्यांचे हात चालायला लागले की कसे चालतात, ते मी लग्नाच्या वर्षानंतर बघितलंच नव्हतं. एक नट आवळायची राहिली होती.

तेवढ्यात जॅकखालची फळी काळ्या मातीत एका बाजूनं रुतली. कर्रकन आवाज झाला आणि ॲक्सल जरासा खाली बसला. खरं तर गाडी तिवयांवर होती, काही होणार नव्हतं. पण पाय धरणाऱ्यांनी कुठं विचार करायचा असतो. दोघांनी आम्हाला असं खेचलं की आम्ही दोघं पोत्यासकट बाहेर आलो, एकमेकांच्या शेजारी उताणे, तोंडावर ऊन. माझी टोपी गाडीखालीच राहिली.

हे झटकन उठून बसले आणि मागं वळले. मागं चाचा होते. त्यांच्या हातात ह्यांचा पाय तसाच, सोडायचं भान नसलेला. हे कितीतरी वेळ चाचांकडं बघत राहिले. मग त्यांनी खाली पडलेला पाना उचलला, जॅकखालची फळी नीट करायला सांगितली, आणि मला काही न विचारता एकटेच परत गाडीखाली गेले. शेवटची नट त्यांनी आवळली. मी तिथं बसून रडत होते आणि घड्याळवाला पोरगा मला बाटलीतलं पाणी देत होता.

उशीर तर झालाच होता. सर गाडीत बसताना म्हणाले, असू द्या, निगेटिव्ह मार्किंग चालतंय. केमिस्ट्रीच्या सरांनी नकाशा उलटा धरला होता, तो सुलटा केला, आणि जिप्सी सरळ चालीनं धूळ उडवत निघून गेली.

ती बाई अजून ताडपत्रीच्या कडेला बसली होती, हाताला लागलेलं ग्रीस मातीत पुसत. हे तिच्यासमोर जाऊन खाली बसले. आणि मला एकदाच सांगितलेलं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं, लोकांसमोर. फट, लेकराचा हात, बोट, ओढू नका म्हणून ओरडलेलं, आणि बसलेला ढिगारा. तिनं मधे एकदाच विचारलं, पोरगं होतं का पोरगी. हे म्हणाले, कळलं नाही, हात लई बारका होता. तिनं मान हलवली. तिचं कोण कोण गेलं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या गावात तसं विचारायचं नसतं.

मग ती म्हणाली, "ज्यानं ओढलं त्याचं बी काळीज तुटलंच असंल बाबा. पर पाय धरणाऱ्यानं ओढायचंच असतंय. तुझ्या घरी कोण होतं तवा?"

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. तेच बोट.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिवळा टी-शर्ट, ग्रीसचे हात, रडून लाल झालेलं नाक.

"मग हिच्यासाठी ओढलं त्यानं."

मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. त्या लेकराचा हात मी कितीदा स्वप्नात बघितला होता, आणि ज्या हातांनी माझा नवरा मला परत पाठवला, त्यांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. ते माणूस कोण, बाई का बाप्या, जिवंत आहे का नाही, काही ठाऊक नाही. मी त्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं. ती मागं सरकून म्हणाली, माझ्या पाया का पडती, म्या तर आज धरला. मी म्हणाले, असू द्या, कुणापर्यंत तरी पोचू द्या.

सर शेवटून दुसरे आले आणि त्यांनी पहिल्याच्या थाटात पेढे वाटले. जागा भाड्यानं द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक जीप आली, गिअरबॉक्स उतरवायचा होता. मी सवयीनं पोतं आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर पोत्याशिवायच हे जीपखाली, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, नुसते दोन पाय बाहेर. मी हातातलं पोतं टाकून तिथं उकिडवी बसले आणि त्यांचा घोटा धरला. नुसता नाही, टाचेच्या वरची शीर दाबून.

"सोड की आता," खालून आवाज आला. "पाना दे."

मी एका हातानं पाना दिला.